बाईंचे लोक

रत्नागिरीत मी वर्षभर गुडघ्यांवर बसून दाढी केली. नवस वगैरे काही नव्हता. घरमालकीणबाईंनी भिंतीतला आरसा जमिनीपासून दोन फुटांवर बसवून घेतला होता आणि तो हलवायचा नाही, ही जागा भाड्याने देतानाची पहिली अट होती. दुसरी अट अशी, की भिंतीवर आणखी काही टांगायचं झालं तर तेही त्याच उंचीवर. त्यामुळे आमच्याकडे कॅलेंडर दोन फुटांवर, घड्याळ दोन फुटांवर, देवाची तसबीरही तिथेच. सासरे लांज्याहून पहिल्यांदा आले तेव्हा दारात उभे राहून चारी भिंतींकडे बघत म्हणाले, "जावईबापू, सामान लावायचं राहिलंय वाटतं अजून?" मी त्यांना खाली बसायला सांगितलं. ते बसले आणि सगळं घर त्यांना एकदम दिसलं.

बाई निवृत्त शिक्षिका. साठीच्या पुढच्या, सडसडीत, नऊवारी नेसायच्या आणि चष्म्याला दोरी बांधायच्या. दोरी अशासाठी, की चष्मा कुणीही ओढला तरी तो पडू नये. ओढणारे अकराजण होते. घराच्या पडवीत आणि पडवीलगतच्या खोलीत त्या रोज सकाळी बालवाडी चालवायच्या. स्वतःला मूल नव्हतं. त्यावरून कुणी हळहळलं तर म्हणायच्या, "अकरा आहेत, मोजून घ्या. बारावा हवा असेल तर जागा नाही."

त्यांच्या भाषेत पाच वर्षांखालच्या माणसांना 'लोक' म्हणत. पाचाच्या वरचे सगळे 'बाकीचे'. "आज लोक जरा चिडचिडे होते," असं त्या म्हणाल्या तर ते बालवाडीबद्दल असायचं. कलेक्टर घरी आला असता तरी त्याची गणना बाकीच्यांत झाली असती. मी तर बाकीच्यांतही खालच्या यादीतला. मला त्या 'अहो भाडेकरू' म्हणायच्या.

जागा बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला पगार विचारला नाही, जात विचारली नाही, बायको कुठल्या शाळेत शिकवते तेवढंच विचारलं. मग आमच्या अकरा महिन्यांच्या चिरंजीवांना जमिनीवर सोडायला सांगितलं. चिरंजीव रांगत आरशापाशी गेले, आतल्या बाळाला त्यांनी चाटलं, आणि बाई म्हणाल्या, "पसंत आहे. सामान कधी आणताय?"

"पण आम्ही अजून..."

"तुम्हाला कोण विचारतंय? तुम्ही दिवसभर कचेरीत. राहणार तो."

चाटण्याचं बाईंना वावडं नव्हतं, हे मला पुढे राम आळीत कळलं. चिरंजीवांना खुळखुळा घ्यायचा म्हणून मी बाईंना सोबत घेऊन गेलो. माझ्या वर्षभरातल्या घोडचुकांची तिथे सुरुवात झाली. दुकानदाराने हिरवा लाकडी खुळखुळा पुढे केला. बाईंनी तो हातात घेतला, चष्मा सरळ केला आणि भर बाजारात, भर अकरा वाजता, तो चांगला दोन बाजूंनी चाटला.

"बाई, उष्टा केलात तो!" दुकानदार ओरडला.

"मग? लोक काय खुळखुळ्याची पूजा करतात? पहिल्यांदा तोंडातच घालतात. हा बघ." असं म्हणून त्यांनी जीभ बाहेर काढली. जीभ हिरवीगार. "हा रंग पोटात गेला तर तू येणार आहेस डॉक्टरकडे?"

मी त्या वेळी समोरच्या दुकानातल्या छत्र्या अतिशय बारकाईने पाहत होतो. आपला या बाईंशी काही संबंध नाही असा चेहरा करणं मला चांगलं जमतं. पण बाई वळून मोठ्याने म्हणाल्या, "अहो भाडेकरू, छत्र्या काय बघताय? तुमच्याच पोरासाठी चाटतेय मी!"

खेळण्यांबाबत त्यांचा दुसरा नियम बांगडीचा. बाळाची एक छोटीशी चांदीची बांगडी त्या कनवटीला ठेवायच्या. जी वस्तू त्या बांगडीतून आरपार जाते ती लोकांच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही, कारण ती घशातही जाते. एका रविवारी येऊन त्यांनी आमच्या घराची झडती घेतली. माझ्या फाउंटन पेनचं टोपण, कोटाची बटणं, पानाच्या डब्यातल्या सुपाऱ्या, पायजम्याच्या नाडीला लावलेला मणी, सगळं त्या बांगडीतून गेलं आणि फडताळावर चढलं. त्यानंतर मी बरेच दिवस बिनटोपणाचं पेन खिशाला लावून कचेरीत जात होतो. माझ्या सदऱ्यांवरचा निळा डाग हा कारकुनीचा नसून पितृत्वाचा होता, पण ते कुणाला सांगणार?

पुस्तकाच्या बाबतीत मी स्वतःला शहाणा समजत असे. कुणाकडून तरी पुण्याहून एक गुळगुळीत, इंग्रजी अक्षरांचं पुस्तक मागवलं. आपला मुलगा वर्षाचा व्हायच्या आत 'ॲपल' म्हणणार, असं मी कचेरीत जाहीर केलं होतं. चिरंजीवांनी पहिल्याच संध्याकाळी ॲपलचं पान खाल्लं. मी घाबरून बाईंना हाक मारली. त्यांनी पोराच्या तोंडात बोट घालून उरलेला लगदा काढला, पुस्तकाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पोराचं काही चुकलं नाही. खाण्याची वस्तू दाखवलीत, त्याने खाल्ली. कागद मात्र वाईट."

त्यांची पुस्तकं कापडाची होती. जुन्या लुगड्यांची पानं, त्यांच्यावर रंगीत चिंध्यांची चित्रं टाचलेली, आणि शिवण मासेमारीच्या जाळ्याच्या दोऱ्याची. बैलालासुद्धा फाडता येणार नाही अशी. एक पुस्तक माशांचं होतं. सुरमई चंदेरी काठाची, बांगडा निळ्या पोलक्याचा, आणि तिसऱ्यांचे शिंपले उघडमीट होणारे. मळलं की पुस्तक धुवायचं. वाटेवरून जाणारी शेजारीण कुंपणाबाहेरून विचारायची, "काय हो बाई, आज काय धुवायला काढलंत?" आणि बाई दोरीवर चिमटे लावत उत्तर द्यायच्या, "आज मासे."

आमच्या चिरंजीवांचा पहिला शब्द 'आई' नव्हता, 'बाबा' नव्हता, ॲपल तर नव्हताच. तो 'बांदा' होता. म्हणजे बांगडा. दुसरा शब्द 'पुना'. बाई पुस्तक वाचून दाखवायच्या ते रोज एकच पान. पान संपलं की गप्प बसायच्या. समोरून "पुन्हा" आलं तर पुन्हा. नाही आलं तर ते पान उसवून टाकायच्या आणि नवं शिवायच्या. "बाकीचे पुस्तकाला चांगलं म्हणतात, वाईट म्हणतात," त्या सांगायच्या. "लोक फक्त पुन्हा म्हणतात. तेवढं पुरतं."

आता वाढदिवस. बाईंचा नियम असा, की वय जितकं तितकी मुलं बोलवायची. एका वर्षाला एक, दोनाला दोन. बाकीच्यांपैकी आई-बाप, बस्स. पहिल्या वाढदिवसाला आम्ही हा नियम तंतोतंत पाळला, कारण गावात आमच्या ओळखीचं कुणीच नव्हतं. एक पाहुणी आली, बाईंच्या ओळखीतली, मांडवीची, चौदा महिन्यांची. आली ती झोपलेली. आमचे चिरंजीव तिच्या उशाशी बसून तिच्या केसांना हात लावत राहिले. मऊ भात झाला, केळं झालं. ती उठली, दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि ती गेली. बाई म्हणाल्या, "उत्तम झाला."

दुसरा वाढदिवस आला तेव्हा मी अडचणीत होतो. आमच्या कचेरीची मंडणगडची एक जागा रिकामी झाली होती आणि तिथे आमच्यातल्याच कुणाला तरी पाठवणार, अशी कुजबुज होती. बायकोची नोकरी रत्नागिरीत, शाळेतली, कायम. ती सोडून येणं शक्य नव्हतं. म्हणजे मी मंडणगडला, आणि मुलगा इथे. खेडला गाडी बदलून यायचं, शनिवारी उशिरा पोचायचं आणि रविवारी दुपारी परत एस.टी. धरायची. दोन वर्षांचं पोर आठवड्यातून एक दिवस दिसणाऱ्या माणसाला काय म्हणेल, या विचाराने माझी झोप उडाली होती.

माझ्यासारख्या माणसाची झोप उडाली की त्याला हमखास युक्ती सुचते. मी साहेबांना वाढदिवसाला बोलवायचं ठरवलं. साहेबांना बोलवायचं तर हेडक्लार्कना बोलवायला हवं. हेडक्लार्क आले की अख्खी कचेरी आली. कचेरी येते म्हटल्यावर बायकापोरं आली, पण पोरं नकोत असं मी मोठ्या मुत्सद्दीपणाने सुचवलं, कारण बाईंचा नियम. आकडा चाळीसवर गेला.

बाईंना मी सांगितलं, "कचेरीतली चार माणसं चहाला येणार आहेत."

"आणि लोक?"

"दोनच. तुमच्या नियमाप्रमाणे. शिवाय साहेबांची मुलगी. ती चार वर्षांची आहे."

बाईंनी मान डोलावली. इथपर्यंत ठीक होतं. पण साहेब आपल्या बोटीवरच्या मेव्हण्याने आणलेलं परदेशी खेळणं भेट देणार, ही बातमी शिपायाने मला आणून दिली होती. माझ्या डोळ्यांसमोर राम आळी उभी राहिली. साहेबांच्या समोर, साहेबांचं खेळणं, आणि बाईंची जीभ! मी म्हणालो, "बाई, त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही जरा देवळात वगैरे जाऊन आलात तर... म्हणजे उगीच तुम्हाला गडबडीचा त्रास."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "बरं," एवढंच म्हणाल्या. "साडेसातला परत येते."

त्या दिवशी आमचं घर मी ओळखलं नसतं. क्रेप कागदाच्या पताका, फुगे, बेकरीतून आणलेला गुलाबी साखरेच्या फुलांचा केक, कुणाच्या तरी भावाने मस्कतहून पाठवलेला टेपरेकॉर्डर. हे सगळं अर्थात सहा फुटांवर. पाहुणे पडवीत चपला काढून आत येत होते आणि येणारा प्रत्येकजण चिरंजीवांचा गाल ओढत होता. चिरंजीव, मांडवीची पाहुणी आणि शेजारचा एक मुलगा, तिघंही आईच्या पदराआड. साहेबांची मुलगी त्यांच्या बाजूला उभी.

साहेबांनी खोका उघडला. आत टाळ वाजवणारं माकड. किल्ली दिली तसे त्याचे डोळे लाल झाले, दात विचकले आणि ते टाळ बडवत टेबलावरून चालू लागलं. चारही मुलं एका सुरात किंचाळली. सगळे हसले. मी सर्वांत मोठ्याने हसलो, कारण साहेब हसत होते. "पुन्हा लावा साहेब, पुन्हा!" हेही मीच म्हणालो. बायको त्या वेळी स्वयंपाकघरात वडे तळायला गेली होती. तिला वाटलं मुलं माझ्यापाशी आहेत. मला वाटलं तिच्यापाशी आहेत.

सव्वासातला साहेब उठले. पडवीत गेले आणि परत आले.

"माझे बूट दिसत नाहीत."

बूटच काय, चाळीसजणांपैकी कुणाचीच चप्पल पडवीत नव्हती. मी कंदील घेऊन पायऱ्यांखाली बघितलं, माडाच्या आळ्यात बघितलं, शेजारचा कुत्रा ओढून नेतो म्हणून त्याला हाका मारत कुंपणापर्यंत गेलो. हेडक्लार्क म्हणाले, "चोरी झालीय. पोलिसांत कळवा." साहेब अनवाणी उभे होते आणि मला समोर मंडणगडचा स्टँड दिसत होता. पंधरा मिनिटं मी साहेबांचे बूट शोधत होतो. हे पंधरा मिनिटांचं मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

साडेसातला बाई फाटकातून आत आल्या. अंगणात चाळीस माणसं अनवाणी वाकून जमिनीवर काहीतरी शोधतायत, हे त्यांनी पाहिलं.

"भाडेकरू, लोक कुठायत?"

मी कंदील घेऊन आत जाऊन आलो. पदराआड नव्हते. घरात नव्हते. बायको हातात झारा घेऊन बाहेर आली, तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि झारा तिच्या हातातून पडला.

अंगणाच्या टोकाला विहीर होती. चिऱ्यांचा कठडा माझ्या कमरेएवढा, पण त्याला टेकून धुण्याचा दगड ठेवलेला होता. मी धावलो. कंदील आत धरला. खाली, पाण्यावर, काहीतरी लाल होतं. चिरंजीवांचा सदरा लाल होता.

तो फुगा होता. वाऱ्याने हलला तेव्हा कळलं. तोवर मी एक पाय कठड्यावर टाकला होता आणि हेडक्लार्कनी मागून माझं धोतर घट्ट धरलं होतं. (मी धोतर फक्त समारंभाला नेसतो. त्या दिवसापासून समारंभालाही नेसत नाही.)

"सगळे खाली बसा," बाई म्हणाल्या.

"अहो बाई, शोधायला हवं..." साहेब म्हणाले.

"चाळीसजण ओरडून शोधताय. तो आवाज ऐकून कोण बाहेर येईल? बसा. आणि ते आतलं गाणं बंद करा."

साहेब बसले. म्हणून सगळे बसले. अंगणात चाळीस माणसं मांडी घालून, श्वास धरून. बाई पडवीच्या पायरीवर बसल्या होत्या, डोळे मिटून. लांबून समुद्राचा आवाज येत होता. मग बालवाडीच्या बंद दाराआडून एक बारीक आवाज आला.

"पुना."

त्या दारापर्यंत आम्ही दोनदा जाऊन आलो होतो. ढकललं होतं, उघडलं नाही, बाई कुलूप लावून गेल्या असं समजून परतलो होतो. कुलूप नव्हतं. लोकांना लावता यावी म्हणून बाईंनी आतली कडी गुडघ्याच्या उंचीवर बसवली होती आणि लोकांनी ती लावली होती. बाई दाराशी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मी आलेय. एकटीच आत येऊ का?"

आत थोडी कुजबुज झाली. कडी निघाली.

रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड खिडकीतून आत पडला होता. चटईवर चाळीस जोड्या ओळीने मांडलेल्या होत्या, मोठ्या मागे, छोट्या पुढे. प्रत्येक चपलेत केकचा एक तुकडा किंवा एक वेफर. मधोमध साहेबांचे काळे बूट, आणि दोन्ही बुटांत एकेक गुलाबी साखरेचं फूल. चिरंजीव ओळीतून फिरून प्रत्येक चपलेला वाढत होते.

साहेबांची मुलगी दारात आलेल्या वडिलांना म्हणाली, "बाबा, हळू बोला. हे पाहुणे आलेत ना. हे ओरडत नाहीत."

बायकोने पोराला उचललं आणि ती रडायला लागली. मीही लागलो असतो, पण साहेबांचे बूट पुसायला हवेत असं मला वाटलं. हो, त्या क्षणीही! मी खिशातून रुमाल काढला. बाईंनी माझा हात धरला. "राहू दे. त्यांचं वाढून व्हायचंय अजून."

साहेब आपल्या मुलीशेजारी चटईवर बसले आणि तिने भरवलेला वेफर खाऊ लागले. जाताना त्यांनी बुटातलं फूल काढलं, पण सगळं निघालं नव्हतं. बुटाच्या काठाला लागलेला गुलाबी डाग फाटकापर्यंत दिसत होता.

सगळे गेल्यावर मी बाईंसमोर उभा राहिलो. "बाई, मी तुम्हाला देवळात पाठवायला नको होतं."

"नकोच होतं," बाई म्हणाल्या. "दोन प्रदक्षिणा घातल्या आणि कंटाळा आला. तिथे सगळं उंचावर. घंटासुद्धा."

दहा दिवसांनी मंडणगडची ऑर्डर माझ्या हातात पडली. तारीख वाढदिवसाच्या आधीच्या आठवड्यातली. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो तेव्हा ते चकित झाले. "म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं? अहो, एवढ्या सगळ्यांना बोलावलंत, मला वाटलं मुलाच्या वाढदिवसाच्या निमित्ताने निरोपाचं जेवण देताय. मी हेडक्लार्कना म्हणालोसुद्धा, माणूस मोठ्या मनाचा आहे." मग म्हणाले, "वर्षभराने बघू. मुलगी अजून विचारते, ते चपलांचं पुन्हा कधी करायचं?"

बायको आणि चिरंजीव बाईंकडेच राहिले. निघायच्या आदल्या दिवशी मी बाईंना विचारलं, "मी शनिवारी येईन तेव्हा त्याच्यासाठी काय आणू? पुस्तक? खेळणं? तुम्ही सांगाल ते."

"काही नाही."

"काहीतरी हवं ना हातात. नाहीतर तो मला विसरेल."

"खेळणं आणलंत तर तो खेळण्याकडे येईल. मग दर शनिवारी आणत बसा." बाई चष्म्याच्या दोरीशी खेळत होत्या. "रिकाम्या हातांनी या. हाक मारू नका, उचलू नका, पापा मागू नका. पडवीत जमिनीवर मांडी घालून बसा आणि गप्प राहा."

"किती वेळ?"

"ते तो ठरवेल."

पहिल्या शनिवारी अर्धा दिवस भरून निघालो आणि खेडला गाडी बदलून दिवेलागणीच्या सुमारास पोचलो. अंग धुळीने भरलेलं, हात रिकामे. चिरंजीव पडवीत करवंट्या एकात एक घालत होते. त्यांनी वर बघितलं, मला बघितलं आणि पुन्हा करवंट्यांकडे बघितलं. मी खांबाला टेकून मांडी घातली. साहेबांसमोरसुद्धा मी कधी इतका सांभाळून बसलो नव्हतो. दारात बायको उभी होती. ती काही बोलणार तेवढ्यात बाईंनी तिला हाताने थांबवलं.

दहा मिनिटं गेली. मोठी करवंटी छोटीत बसेना. त्याने ती फिरवून बघितली, आपटून बघितली. माझे हात शिवशिवत होते, पण मी ते मांडीखाली दाबून धरले. मग तो उठला. एक करवंटी हातात घेऊन माझ्याकडे पाठ करून उभा राहिला आणि मागे न बघता, एकेक पाऊल मागे सरकत आला. गुडघ्याला त्याची टाच लागली. जागा ओळखीची असल्यासारखा तो धपकन माझ्या मांडीत बसला आणि करवंटी घालायच्या उद्योगाला पुन्हा लागला.